मास्टर एक्सपोर्ट केला की आवाज फाटतो: लिमिटरच्या पुढे काय घडतंय ते आधी बघा

तक्रार दर वेळी साधारण सारखीच असते. प्रोजेक्टमध्ये गाणं स्वच्छ वाजतं, लिमिटरचा (आवाजाची शिखरं ठरावीक उंचीवर अडवणाऱ्या प्लगिनचा) आकडा -०.१ डीबीच्या वर जात नाही, लाल दिवा एकदाही पेटत नाही. फाइल बाहेर काढून फोनवर लावली की कोरसच्या जागी आवाज फाटतो. झांजांवर चरचर येते, किकचा ठोका बोथट होतो. मग लिमिटर बदलला जातो, सीलिंग (म्हणजे अडवण्याची उंची) -०.३ वर आणलं जातं, गाणं कसंबसं मार्गी लागतं आणि पुढच्या गाण्याला पुन्हा तेच.

मी स्वतः जवळजवळ वर्षभर या फेऱ्यात होते. तेवढ्या काळात तीन लिमिटर बदलून झाले आणि दोष त्यांतल्या एकाचाही नव्हता. लिमिटर हा चेनमधला (एकामागून एक लावलेल्या प्लगिनच्या साखळीतला) शेवटचा टप्पा आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याच्यापुढे फेडर (पातळी वर-खाली करणारी सरकपट्टी) असतो, कधी एखादं विसरलेलं प्लगिन असतं, एक्सपोर्टच्या खिडकीतले पर्याय असतात, सॅम्पल रेट (लहरीची सेकंदाला किती मापं, म्हणजे सॅम्पल, घ्यायची तो आकडा) बदलतो, एमपी३ किंवा एएसी होतं आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या यंत्रात आकड्यांचा पुन्हा आवाज होतो. यातलं बरंचसं चेनच्या यादीत दिसत नाही, म्हणून संशय दिसणाऱ्या लिमिटरवर जातो. तपास शेवटाकडून उलटा करत आलात तर बहुतेक वेळा तासाभरात उत्तर सापडतं.

फाटलेलं फाइलमध्ये आहे की फक्त ऐकताना?

हे ठरवल्याशिवाय कशालाही हात लावू नका. एक्सपोर्ट केलेली फाइल दोन-तीनदा ऐका आणि चरचर कोणत्या सेकंदाला येते ते लिहून ठेवा. दर वेळी त्याच जागी येत असेल तर ती फाइलमध्ये आहे. जागा बदलत असेल तर संगणकाला ताण झेपत नाही, बफर (आवाजाचा हिशेब करायला संगणकाला मिळणारी सवड) लहान पडतोय. बफर वाढवा, त्या दोषाचा मास्टरिंगशी संबंध नाही.

फाइलमध्येच आहे असं दिसलं तर एक नवा, कोरा प्रोजेक्ट उघडा. मास्टर बसवर (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथे) काहीही नको. त्यात एक्सपोर्ट केलेली फाइल आणा. शेजारच्या ट्रॅकवर त्याच गाण्याची ३२ बिट फ्लोटमधली, डिदर (बिट कमी करताना मुद्दाम मिसळला जाणारा बारीक गोंगाट) न लावलेली आवृत्ती आणा. एकीची पोलॅरिटी उलटी करा (म्हणजे लहरीचं वरचं खाली आणि खालचं वर) आणि दोन्ही एकत्र वाजवा. दोन्ही सारख्या असतील तर शांतता मिळेल, किंवा १६ बिटची फाइल असेल तर डिदरची अगदी बारीक सळसळ. गाण्याचा एखादा तुकडा ऐकू आला तर तेवढा तुकडा एक्सपोर्टच्या वाटेत बदललाय. ही चाचणी मला फार मोलाची वाटते, कारण इथे कानाच्या थकव्याला किंवा मूडला काही वाव उरत नाही. फक्त चेनमध्ये आपोआप डोलणारा एखादा इफेक्ट असेल (कोरससारखा, जो दर वेळी वेगळ्या जागी सुरू होतो) तर दोन आवृत्त्या तशाही जुळणार नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

फेडर कुठे आहे?

साधी चूक आहे, पण सगळ्यात जास्त वेळा सापडते ती हीच. लॉजिक आणि रीपरमध्ये मास्टरवरची प्लगिन आधी लागतात आणि फेडर त्यांच्या नंतर येतो. म्हणजे लिमिटरने -१ डीबीवर अडवलेला आवाज फेडर २ डीबीने वर असेल तर सरळ +१ वर जातो. प्रो टूल्समध्ये मास्टर फेडरवरचे इन्सर्ट (प्लगिन लावायच्या जागा) फेडरच्या नंतर असतात, म्हणून तिथे फेडर वर केला की लिमिटर जास्त जोरात दाबला जातो. क्यूबेसमध्ये काही जागा फेडरच्या आधीच्या आणि काही नंतरच्या आहेत. एका सॉफ्टवेअरवरून दुसऱ्यावर गेलेल्या माणसाचे हात जुन्याच सवयीने चालतात आणि घोळ तिथे होतो.

गंमत म्हणजे प्रोजेक्टच्या आत ३२ बिट फ्लोटमध्ये हिशेब चालू असताना ० डीबीच्या वर गेलेला आवाज कापला जात नाही. तो २४ किंवा १६ बिटच्या फाइलमध्ये उतरताना कापला जातो, आणि ऐकताना इंटरफेसमधून बाहेर पडताना. मॉनिटरचा आवाज सॉफ्टवेअरमधूनच कमी करून ऐकत असाल तर तुम्हाला स्वच्छ ऐकू येईल आणि फाइल मात्र कापलेली निघेल. मास्टर फेडर ० वर ठेवा आणि त्यावर ऑटोमेशन करू नका. शेवटी फेड-आउट हवा असेल तर तो लिमिटरच्या आधीच्या बसवर करा.

लिमिटरनंतरचं निरुपद्रवी प्लगिन

हा भाग मला नीट सांगायचा आहे, कारण माझं वर्ष याच जागी गेलं.

लिमिटरनंतर मी एक ईक्यू (खालच्या-वरच्या स्वरांची पातळी वेगवेगळी बदलणारं प्लगिन) ठेवला होता. त्यात काही वाढवलेलं नव्हतं, फक्त ३० हर्ट्झच्या खालचं कापलं होतं. कापल्यावर पातळी कमीच होणार असं मला अगदी मनापासून वाटत होतं. प्रत्यक्षात शिखरं वाढत होती. कारण समजायला चौकोनी लहर डोळ्यांपुढे आणा. तिची उंची १ आहे. मूळ स्वर आणि त्याच्यावरचे विषम पटीतले स्वर मिळून ती चौकोनी होते. आता वरचे सगळे स्वर काढून टाका आणि फक्त मूळ स्वर ठेवा. उरलेल्या साइन लहरीची उंची ४ भागिले पाय, म्हणजे सुमारे १.२७ असते. ऊर्जा काढून घेतली आणि शिखर जवळजवळ २.१ डीबीने चढलं! वरचे स्वर त्या शिखराला खाली धरून होते. ते गेले आणि शिखर मोकळं झालं.

लिमिटर आणि क्लिपर (शिखरं सरळ कापून टाकणारं प्लगिन) आवाजाच्या लहरीला असाच चपटा माथा देतात. त्यानंतर तुम्ही वरचं कापा, खालचं कापा किंवा नुसता फेज (स्वरांची एकमेकांच्या तुलनेतली वेळ) हलवा, चपटा माथा तिरका होतो आणि त्याची एक कड छताच्या बाहेर जाते. ३० हर्ट्झच्या फिल्टरने फेज बराच वरपर्यंत हलतो, त्यामुळे किकच्या ठोक्यावर परिणाम दिसतो. म्हणून लिमिटरनंतर ईक्यू नको, स्टिरिओ रुंद करणारं प्लगिन नको, 'थोडीशी चमक' देणारं काहीही नको. तिथे राहू शकतात ते दोघेच: डिदर आणि मीटर.

आणखी एक पाहुणा याच जागी लपतो. हेडफोन किंवा खोलीचा दोष सुधारणारं प्लगिन अनेक जण मास्टर बसच्या अगदी शेवटी ठेवतात. ऐकताना ते हवंच असतं. एक्सपोर्ट करताना बंद करायचं राहून जातं आणि तुमच्या हेडफोनची उलटी वक्ररेषा गाण्यावर कायमची छापली जाते. अशा मास्टरमध्ये आवाज फाटण्याबरोबर टोनही विचित्र येतो; बेस कुठे फार, कुठे गायब. हे आठवणीवर सोडू नका. क्यूबेसमध्ये कंट्रोल रूम आणि रीपरमध्ये मॉनिटरिंग एफएक्स अशी वेगळी जागा आहे, तिथलं काही फाइलमध्ये जात नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तशी जागा नसेल तर ऐकण्यासाठी वेगळी बस करा आणि एक्सपोर्ट तिच्या आधीच्या बसमधून घ्या.

दोन सॅम्पलच्या मधली उंची

आता असं धरू की लिमिटरनंतर खरंच काही नाही. फेडर ० वर आहे. तरी फाटतंय. मग -०.१ हा आकडा कशाचा, हे बघायला हवं.

साधा पीक मीटर फक्त सॅम्पलची उंची मोजतो. पण आवाज म्हणजे ते ठिपके नव्हेत, त्यांच्यामधून जाणारी सलग लहर. ४४.१ किलोहर्ट्झवर ११,०२५ हर्ट्झचा शुद्ध स्वर घ्या. एका आवर्तनात बरोबर चार सॅम्पल बसतात. ते शिखरावर न पडता शिखराच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर पडले तर प्रत्येकाची उंची खऱ्या शिखराच्या ०.७०७ पट असते. ती सॅम्पल ० डीबीवर नेली की खरी लहर ३ डीबी वर गेलेली असते आणि मीटरला पत्ताही नसतो. गाण्यात इतकी टोकाची परिस्थिती रोज येत नाही, पण जोरात दाबलेल्या मास्टरमध्ये एखादा डीबी सहज सापडतो.

हेच मोजायला ट्रू पीक मीटर असतो. लाउडनेस मोजण्याच्या आयटीयूच्या बीएस.१७७० या मानकात त्याची पद्धत दिली आहे: ४८ किलोहर्ट्झच्या आवाजाचे चौपट सॅम्पल करून मग शिखर बघायचं. लिमिटरमध्ये ट्रू पीकचं बटण असेल तर ते चालू करा आणि सीलिंग -१ डीबी ठेवा. युरोपातल्या प्रसारणासाठीच्या आर १२८ या शिफारशीतही कमाल ट्रू पीक -१ डीबीच आहे. -०.१ आणि -१ यांमधला फरक ऐकणाऱ्याला आवाजाच्या मोठेपणात जवळजवळ जाणवत नाही. त्या ०.९ डीबीसाठी हट्ट धरण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही.

सॅम्पल रेट बदलतानाही हेच होतं. प्रोजेक्ट ९६ किलोहर्ट्झचा आणि फाइल ४४.१ ची असेल तर रूपांतर लिमिटरच्या पुढे, एक्सपोर्टच्या खिडकीत होतं आणि नवे सॅम्पल नव्या जागी पडतात. मी आता लिमिटरच्या आधीपर्यंतचं सगळं ३२ बिट फ्लोटमध्ये बाहेर काढते, त्याचा रेट बदलते आणि लिमिटर अंतिम रेटवरच लावते. एक पायरी वाढते, पण ही तक्रार कायमची जाते.

एमपी३, एएसी किंवा ऑग व्हॉर्बिस करताना एन्कोडर वरचे स्वर कापतो आणि उरलेले ढोबळपणे लिहितो. चौकोनी लहरीचं उदाहरण आठवा. इथेही वरचं गेलं की शिखर चढतं, आणि बिटरेट जितका कमी तितकं सहसा जास्त. स्पॉटिफायच्या सूचनांमध्ये ट्रू पीक -१ डीबीच्या खाली ठेवायला सांगितलंय, आणि मास्टर -१४ एलयूएफएसपेक्षा (हे लाउडनेसचं एकक) मोठा असेल तर -२ डीबीच्या खाली. त्या दुसऱ्या आकड्याकडे फारसं कुणी बघत नाही. -८ एलयूएफएसचा मास्टर आणि -०.१ चं सीलिंग या जोडीचं पुढे काय होतं, ते स्वतःच ऐकून बघा: मास्टर १२८ केबीपीएसवर एन्कोड करा, परत प्रोजेक्टमध्ये आणा आणि ट्रू पीक मोजा. सोपी चाचणी आहे.

एन्कोड न करताही फाटत असेल तर

मग दोष लिमिटरमध्ये किंवा त्याच्या आधी आहे. इथे लोक एकेक प्लगिन बायपास करून बघतात आणि चुकीच्या प्लगिनला पकडतात. समजा सॅच्युरेशनचं (मुद्दाम थोडा रंग चढवणारं) प्लगिन बायपास केलं आणि फाटणं थांबलं. तेच दोषी? सांगता येत नाही. ते आवाज ३ डीबीने वाढवत असेल तर त्याला काढल्यावर लिमिटर ३ डीबी कमी दाबला गेला, आणि सुटका खरं तर लिमिटरची झाली. त्यामुळे प्लगिन बायपास करताना त्याच्या जागी तेवढ्याच वाढीचं साधं गेन प्लगिन लावा आणि मग ऐका. आठ प्लगिनची चेन असेल तर आधी अर्धी तपासा, मग उरलेल्याची अर्धी; तिसऱ्या फेरीत एकच उरतं.

ऐकून तुलना करताना पातळी सारखी हवीच. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं की कान वेगवेगळ्या पातळीवर खालचे-वरचे स्वर वेगळ्या प्रमाणात ऐकतो. आवाज वाढला की बेस भरल्यासारखा वाटतो आणि आपण 'हे बरं आहे' म्हणून मोकळे होतो. प्रत्येक प्लगिनचा आउटपुट त्याच्या इनपुटइतका ठेवण्याची सवय लावली तर निम्मे घोळ होतच नाहीत.

लिमिटरमध्ये सापडणारं खरं दुखणं बहुधा रिलीजचं (दाबून झाल्यावर सोडायला लावलेल्या वेळाचं) असतं. ४० हर्ट्झच्या स्वराचं एक आवर्तन २५ मिलिसेकंदांचं. रिलीज ५ मिलिसेकंदांवर असेल तर लिमिटर त्या एकाच आवर्तनात दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. तो मग पातळी राखत नाही, लहरीचा आकारच बदलतो, आणि बेसच्या लांब स्वरावर गुरगुर ऐकू येते. रिलीज वाढवा. वाढवल्यावर गाणं किकबरोबर श्वास घेतल्यासारखं खाली-वर होऊ लागलं तर समजा की एकट्या लिमिटरवर फार काम टाकलंय. आधीच्या कंप्रेसरच्या (मोठा आवाज हळुवार दाबणाऱ्या प्लगिनच्या) साइडचेनमध्ये, म्हणजे तो ज्या आवाजावरून कधी दाबायचं ते ठरवतो त्यात, ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास खालचं कापणारा हायपास फिल्टर लावा, म्हणजे बेसमुळे संपूर्ण गाणं दबणार नाही. आणि लिमिटर सतत ५-६ डीबी दाबत असेल तर मिक्सकडे परत जा. बेस आणि किक एकमेकांवर चढलेत का ते बघा. तिथे केलेली २ डीबीची दुरुस्ती मास्टरवरच्या कितीही हुशार प्लगिनपेक्षा जास्त कामाची असते; हे मी अनुभवाने सांगते.

चरचर फक्त वरच्या पट्टीत, झांजांवर किंवा 'स'च्या उच्चारावर असेल तर सॅच्युरेटर आणि क्लिपरचं ओव्हरसॅम्पलिंग (आतला हिशेब जास्त सॅम्पल रेटवर करण्याची सोय) बघा. ते नवे वरचे स्वर तयार करतात. ४४.१ किलोहर्ट्झवर २२.०५ च्या वर जाणारा स्वर हरवत नाही, तो परतून खाली येतो आणि गाण्याच्या सुराशी त्याचं काही नातं नसतं. चारपट ओव्हरसॅम्पलिंगने बराच फरक पडतो. जुना हार्डवेअर आवाज देणारी अनेक प्लगिन -१८ डीबीच्या आसपासच्या सरासरी पातळीसाठी बांधलेली असतात. त्यांच्यात -६ चा भरलेला मिक्स घातला तर ती लगेच खरखरतात. त्यांच्या आधी गेन कमी करा, नंतर परत वाढवा.

समांतर कंप्रेशन (दाबलेला आवाज मूळ आवाजात मिसळणं) आणि लिनिअर फेज ईक्यू (फेज न हलवणारा, पण आवाजाला उशीर लावणारा) एकत्र वापरत असाल आणि आवाज नळीतून आल्यासारखा वाटत असेल, तर दोन वाटांमधला उशीर जुळलेला नाही. ते फाटणं नव्हे. पण लोक दोन्हीला एकच नाव देतात.

डिदरबद्दल थोडं

डिदर एकदाच, अगदी शेवटी, आणि फक्त बिट कमी करताना. लिमिटरमध्येही चालू आणि एक्सपोर्टच्या खिडकीतही चालू असं होतं तेव्हा गोंगाट दोनदा मिसळला जातो. त्याने आवाज फाटत नाही, पण शांत शेवटांवर सळसळ वाढते. ३२ बिट फ्लोटमध्ये फाइल काढताना तो बंद ठेवा. त्याच खिडकीत 'नॉर्मलाइझ' नावाचा पर्याय असतो, तो तर नक्की बंद करा. तुमचं -१ चं सीलिंग तो निमूटपणे ० वर नेऊन ठेवतो.

आता माझी चेन

दुरुस्तीचा ईक्यू, हलका कंप्रेसर (१ ते २ डीबीच्या वर दाबत नाही), रंगाचा ईक्यू, गरज असेल तरच सॅच्युरेशन, मग क्लिपर. इथपर्यंत ३२ बिट फ्लोटमध्ये फाइल काढते. दुसऱ्या, अंतिम सॅम्पल रेटच्या प्रोजेक्टमध्ये फक्त लिमिटर, डिदर आणि लाउडनेस मीटर. प्रोजेक्ट वेगळा असल्यामुळे लिमिटरच्या पुढे चुकून काही ठेवण्याचा मोहच होत नाही. फाइल निघाली की ती एन्कोड करून परत आणते, ट्रू पीक मोजते. ० च्या वर गेला तर सीलिंग अर्ध्या डीबीने खाली घेऊन पुन्हा काढते. मागच्या गाण्याला -१.५ वर थांबावं लागलं. फाइलच्या नावातच मी तो आकडा लिहून ठेवते, म्हणजे सहा महिन्यांनी तीच फाइल उघडली तरी कुठे थांबले होते ते शोधावं लागत नाही.